ठिणगीची वेळ

जुन्या स्पोर्ट्स मोटारीची प्रज्वलनव्यवस्था आणि तिची सुधारणा

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनास तीन गोष्टींची आवश्यकता असते : हवा, इंधन आणि ठिणगी. इंधनासाठी पैसे मोजावे लागतात, म्हणून त्याचा हिशेब प्रत्येक जण ठेवतो. हवा फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. ठिणगी तर बंद सिलिंडरात पडून क्षणात विझते. त्यामुळे ती कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. तथापि इंजिनाचे बळ, त्याचा इंधनखर्च आणि त्याचे आयुष्य ही तिन्ही, ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडते यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. हा क्षण साधण्यासाठी योजलेले एक जुने साधन काढून त्याच्या जागी नवे बसविले असता काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार आपण एका विशिष्ट मोटारीच्या आधारे करणार आहोत.

एक गाडी आणि एक प्रश्न

१९६२ साली इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यातून 'एमजीबी' नावाची दोन आसनांची, उघड्या छताची स्पोर्ट्स मोटार बाहेर पडली. १९८० च्या ऑक्टोबरात तिचे उत्पादन थांबले. तोपर्यंत तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. तिचे नेहमीचे इंजिन चार सिलिंडरांचे आणि १७९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. भारतीय वाचकांस हे इंजिन अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील ते इंजिन होते; त्याच कुळातील १४८९ घनसेंटिमीटरचे धाकटे भावंड आपल्या अ‍ॅम्बॅसेडर मोटारीत अनेक वर्षे राबत होते. जुन्या अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सीतून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांनी एमजीबीच्या नातलगाचा आवाज ऐकलेला आहे.

या मालिकेतील सर्वांत तरुण एमजीबीनेही आता चाळिशी ओलांडली आहे. इंग्लंड, अमेरिका आणि अन्य देशांतील हौशी मालक या गाड्या आजही रस्त्यावर चालवितात. पावसाळी सकाळी गाडी सुरू होताना कुरकुर करू लागली, चढावर तिचा दम तुटू लागला किंवा वेग वाढताच मधूनमधून एखादा ठोका चुकू लागला, की त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. प्रज्वलनव्यवस्थेतील मूळचे यांत्रिक 'पॉइंट' तसेच ठेवावेत, की ते काढून इलेक्ट्रॉनिक साधन बसवावे? याचे उत्तर हौसेने किंवा हट्टाने न देता विज्ञानाच्या आधारे द्यावयाचे असेल, तर ठिणगी कशी निर्माण होते हे प्रथम पाहिले पाहिजे.

बारा व्होल्टांपासून हजारो व्होल्टांपर्यंत

मोटारीतील विद्युत्‌घट बारा व्होल्टांचा असतो. एवढ्या दाबाच्या विजेस हवेतील बारीकशी फटही ओलांडता येत नाही. एमजीबीच्या स्पार्क प्लगच्या टोकाशी ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर, फट ठेवावी लागते. शिवाय दट्ट्याने हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबून त्याचे आकारमान मूळच्या सुमारे नवव्या भागाइतके केलेले असते. अशा दाबलेल्या वायूतून ठिणगी उडविण्यास हजारो व्होल्टांची गरज असते.

हे काम प्रवर्तन-वेटोळे करते. कारखान्यांत त्यास 'कॉइल' म्हणतात. लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एकात जाड तारेचे काही शे वेढे, तर दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. हा प्रवाह एकाएकी तोडला की क्षेत्र कोसळते. आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत विद्युत्‌दाब निर्माण होतो, हा मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली प्रयोगाने दाखविलेला नियम येथे कामास येतो. क्षेत्र जितक्या झपाट्याने कोसळेल तितका दाब अधिक. वेगाने पाणी वाहत असता नळाची तोटी एकदम बंद केली म्हणजे सर्व नळास हादरा बसतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. प्रवाह वाहत असताना ठिणगी पडत नाही. तो तुटतो त्या क्षणी पडते, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

प्रवाह तोडणारे साधन म्हणजे संपर्क-खंडक, अर्थात पॉइंट. धातूची दोन लहान टोके एकमेकांस टेकलेली असतात. त्यांतील एक टोक स्प्रिंगच्या हातावर बसविलेले असते. शेजारी फिरणाऱ्या दांड्यावर चार उंचवट्यांचा कॅम असतो. प्रत्येक उंचवटा त्या हातास ढकलतो, टोके अलग होतात, प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. टोके अलग होताना त्यांच्यामध्येच वीज उडी मारू नये, म्हणून त्यांच्या जोडीला संधारित्र किंवा 'कंडेन्सर' दिलेला असतो. तो तुटणाऱ्या प्रवाहाचा भार क्षणभर स्वतःकडे घेतो. त्यामुळे टोके जळत नाहीत आणि चुंबकीय क्षेत्रही झटकन कोसळते. मग 'डिस्ट्रिब्यूटर' या वितरकाचे फिरते बोट ही वीज चार प्लगांकडे १, ३, ४, २ या क्रमाने वाटते.

ही रचना फार जुनी आहे. पॅरिसमध्ये एत्येन लन्वार यांनी १८६० सालीच वायूच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. पुढे मॅग्नेटो आला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास विद्युत्‌घट, वेटोळे आणि एकच संपर्क-खंडक अशी सुटसुटीत पद्धत प्रचारात आणली. पुढील साठ वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल-मोटारी मूलतः याच पद्धतीने चालल्या; एमजीबीही त्यांतलीच एक.

एका सेकंदाचे हजार तुकडे

आता थोडे गणित करू. चतुर्घाती इंजिनात प्रत्येक सिलिंडरास दर दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणून चार सिलिंडरांस मिळून दर फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटास ६००० आणि सेकंदास १०० ठिणग्या झाल्या. याच गतीस इंजिनाचा मुख्य दंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या एका हजारांशात, १८ अंश फिरतो.

मिश्रण पेट घेते म्हणजे त्याचा एकदम स्फोट होतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. ज्वाला प्लगपाशी जन्मते आणि पसरत जाते. त्यास एक-दोन मिलिसेकंदांचा अवधी लागतो. दट्ट्या वरच्या टोकास पोहोचून खाली वळतो त्यानंतर लगेच सर्वाधिक दाब निर्माण व्हावा, अशी अपेक्षा असते. म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते. सुरुवातीच्या अधिक दाबाच्या एमजीबी इंजिनात ही वेळ इंजिन स्थिर असता १० अंश आधी अशी बसविली जाई. गती वाढली की तेवढ्याच काळात दंड अधिक फिरतो; म्हणून ठिणगी आणखी आधी, सुमारे तीस अंश आधी, पाडावी लागते. हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान वजने करतात. गती वाढताच ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला किंचित पुढे सरकवितात.

ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यास ज्वाला खाली रेटू पाहते, इंजिनातून ठोक्यांचा आवाज येतो आणि तसेच दामटल्यास दट्ट्यास तडा जातो. फार उशिरा पडली तर मिश्रण दट्ट्या खाली जात असता जळत राहते. बळ घटते आणि उष्णता निष्कासनाच्या नळीत वाया जाते. यावरून काही अंशांच्या चुकीचे मोल ध्यानी येईल.

झिजेचा हिशेब

पॉइंटांची फट एमजीबीमध्ये ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, इतकी ठेवावी लागते. हीच फट ठिणगीची वेळही ठरविते, म्हणून तिला इतके महत्त्व आहे. मिनिटास ३००० फेऱ्यांच्या गतीने गाडी एक तास चालली, तर कॅम त्या हातास तीन लाख साठ हजार वेळा ढकलतो. कॅमवर घासणारी हाताची टाच हळूहळू झिजते. टाच झिजली की फट कमी होते, टोके उशिरा अलग होतात आणि ठिणगीची वेळ मागे पडते. दुसरीकडे टोकांवरील धातू विजेने जळून एका टोकावर खळगा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचे बेअरिंग सैल झाले असेल, तर दांडा डगमगतो आणि चारही उंचवट्यांस फट सारखी मिळत नाही. मग प्रत्येक सिलिंडराची वेळ निराळी होऊन बसते.

ही झीज चोरपावलांनी येते. आज पाडलेली ठिणगी आणि सहा महिन्यांनंतरची ठिणगी यांत बरेच अंतर पडलेले असते. परंतु रोजच्या रोज गाडी चालविणाऱ्यास ते कळत नाही. म्हणूनच दर काही हजार मैलांनी पॉइंट तपासणे, फट पोलादी पात्यांच्या मापाने बसविणे आणि वेळ पुन्हा मिळविणे हा मोटारीच्या देखभालीतील ठरलेला विधी होता.

संपर्काशिवाय संपर्क-खंडन

प्रवाह तोडण्यासाठी दोन धातूंची टोके अलग करण्याची गरज आहे काय? १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर सिद्ध केला आणि या प्रश्नास नवे उत्तर मिळाले. ट्रान्झिस्टर हा हलणारा एकही भाग नसलेला विजेचा दरवाजा आहे. अल्प प्रवाहाच्या इशाऱ्यावर तो मोठा प्रवाह सोडतो किंवा अडवितो. १९६० च्या दशकात काही अमेरिकी गाड्यांत अशी व्यवस्था पर्याय म्हणून मिळू लागली. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेविषयीचा कडक कायदा झाला आणि तिचा प्रसार वेगाने होऊ लागला. कारण ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल तसेच हवेत जाते. खुद्द एमजीबीच्या अमेरिकेस जाणाऱ्या गाड्यांतही १९७० च्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यानेच इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसविले. तेव्हा जुन्या एमजीबीत असे साधन बसविणे म्हणजे तिच्या इतिहासास सर्वस्वी परकी गोष्ट करणे, असे म्हणता येत नाही.

परंतु ट्रान्झिस्टरला इशारा कोणी द्यावयाचा? सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत हे काम 'हॉल परिणामा'वर चालते. १८७९ साली अमेरिकेतील एडविन हॉल या तरुण संशोधकाने काचेवर बसविलेल्या सोन्याच्या पातळ वर्खातून प्रवाह सोडला आणि त्यावर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले. तेव्हा प्रवाहाच्या आडव्या दिशेने वर्खाच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युत्‌दाब निर्माण झालेला आढळला. अर्धवाहक द्रव्यांत हा परिणाम कितीतरी अधिक ठळकपणे दिसतो. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅमवर चार लहान चुंबकांचे कडे बसवावयाचे आणि पॉइंटांच्या जागी हॉलचा घटक ठेवावयाचा. प्रत्येक चुंबक समोरून गेला की घटकास त्याची चाहूल लागते, ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो आणि ठिणगी पडते. कोठेही स्पर्श नाही. म्हणून घासणारी टाच नाही आणि जळणारी टोकेही नाहीत. दुसऱ्या एका पद्धतीत चुंबकाऐवजी अवरक्त किरणांचा झोत आणि त्यास आडवी येणारी खाचांची चकती योजलेली असते, तत्त्व तेच.

हे सर्व मूळच्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली मावते. बाहेर दोन तारा तेवढ्या दिसतात. कॉइल, वितरक, प्लग आणि वेळ पुढे-मागे करणारी वजने सारी जुनीच राहतात.

लाभ किती आणि मर्यादा कोणत्या

नव्या साधनाने गाडीचे बळ एकदम वाढते, असे पुष्कळदा ऐकू येते. त्याची परीक्षा साध्या हिशेबाने करता येईल. कॉइलमधील प्रवाह एकदम पूर्ण होत नाही; तो चढत जातो. ज्या काळात तो आपल्या अंतिम मूल्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो, त्यास कालस्थिरांक म्हणतात. समजा, कॉइलचा कालस्थिरांक ३ मिलिसेकंद आहे. मिनिटास ३००० फेऱ्यांच्या वेळी दोन ठिणग्यांमधील अवधी १० मिलिसेकंद असतो आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश काळ पॉइंट मिटलेले असतात. एवढ्या काळात प्रवाह सुमारे ८९ टक्क्यांपर्यंत चढतो. ६००० फेऱ्यांच्या वेळी मात्र अवधी निम्मा होतो आणि प्रवाह सुमारे ६७ टक्क्यांपर्यंतच जातो. ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा पूर्ण ऊर्जेच्या निम्म्याहूनही खाली येते. आता पॉइंटांच्या जागी साधे इलेक्ट्रॉनिक साधन बसविले, परंतु कॉइल आणि प्रवाह वाहण्याचा काळ तेच राहिले, तर या हिशेबात काय फरक पडला? फारसा नाही. म्हणजे नीट बसविलेल्या नव्या पॉइंटांच्या तुलनेत ठिणगी काही दुप्पट मोठी होत नाही. खरा लाभ निराळाच आहे : पहिल्या दिवशी मिळविलेली वेळ वर्षानंतरही जवळजवळ तशीच राहते. या सुधारणेचे खरे फळ म्हणजे ठिणगीचा नेमस्तपणा होय.

ठिणगी मोठी व्हावी म्हणून कित्येक जण कमी रोधाची कॉइल बसवितात. तेथे ओहमचा नियम विसरून चालत नाही. मूळच्या ३ ओहमच्या कॉइलमधून बारा व्होल्टांचा घट जास्तीत जास्त ४ अँपिअर प्रवाह पाठवितो. रोध १.५ ओहम असेल तर हाच प्रवाह ८ अँपिअर होतो. तेवढा भार सोसण्याची शक्ती नव्या साधनात नसेल, तर ते तापून निकामी होते. नंतरच्या काही एमजीबी गाड्यांत कॉइलच्या वाटेत जास्तीचा रोध असलेली तार मुळातच घातलेली होती. तीही आधी तपासावी लागते. इंजिन बंद ठेवून किल्ली फार वेळ चालू स्थितीत राहिली, तर कॉइल आणि साधन दोन्ही तापतात.

त्याहून मोठा धोका ध्रुवांचा आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबी गाड्यांत घटाचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असे. त्यानंतर ऋण टोक जोडण्याची प्रथा आली. पॉइंटांना प्रवाहाची दिशा कोणतीही चालते. ट्रान्झिस्टरला ती चालत नाही. ऋण-भूमीच्या गाडीसाठी केलेले साधन धन-भूमीच्या गाडीत जोडले, तर ते क्षणात जळते आणि बाहेरून पाहणाऱ्यास काही झाले आहे असे दिसतही नाही. म्हणून कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी व्होल्टमापकाने ध्रुव तपासावेत. गाडीचे वय पाहून अंदाज बांधू नये, कारण पन्नास वर्षांत एखाद्या मालकाने ते बदललेलेही असू शकतात. काही वर्षांच्या गाड्यांत इंजिनाचे फेरे दाखविणारा काटाही प्रज्वलनाच्या तारेवरूनच इशारा घेतो. जोडणी बदलली की तो काटा भलतेच आकडे दाखवू लागण्याची शक्यता असते.

शिवाय नवे साधन फक्त पॉइंटांचा दोष दूर करते. वजनांच्या स्प्रिंगा वाकल्या असतील, निर्वाताची नळी फुटली असेल किंवा प्लग काजळले असतील, तर ते दोष जसेच्या तसे राहतात. म्हणून साधन बसविल्यानंतर वेळ दिव्याने तपासावी. हा दिवा पहिल्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखतो आणि त्या प्रकाशात वेगाने फिरणाऱ्या पुलीवरील खूण स्थिर उभी असल्यासारखी दिसते. ती योग्य अंशावर उभी आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. गती वाढविली असता खूण पुढे सरकली पाहिजे. न सरकल्यास वजने अडकली आहेत असे समजावे.

जपणूक म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पॉइंट बिघडतात ते हळूहळू आणि आगाऊ सूचना देऊन. अनुभवी माणूस रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून, स्क्रूड्रायव्हर आणि पातळ पात्याचे माप यांच्या साहाय्याने त्यांस पुन्हा कामास लावू शकतो. इलेक्ट्रॉनिक साधन वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही. परंतु ते मेले म्हणजे बहुधा एकाएकीच मरते, आणि रस्त्यावर ते दुरुस्त करणे कोणासही शक्य नसते. यास्तव जाणते मालक नवे साधन बसविले तरी जुने पॉइंट व कंडेन्सर फेकून देत नाहीत. ते फडक्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतात. अर्ध्या तासात गाडी पुन्हा पूर्ववत होऊ शकते.

ही सोय आहेच; शिवाय ती जुन्या वस्तू जतन करण्याच्या शास्त्राशी सुसंगत आहे. जुन्या वाहनांच्या 'फीवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने संमत केलेल्या ट्युरिन सनदेतही, आवश्यक वाटलेले बदल शक्यतो परत फिरविता येतील असे असावेत आणि काढलेले मूळचे महत्त्वाचे भाग जपून ठेवावेत, असा विचार मांडलेला आहे. वस्तुसंग्रहालयात कायम उभ्या राहणाऱ्या गाडीस पॉइंटच शोभतात. तेथे ते एका युगाचा पुरावा म्हणून असतात. परंतु पावसात, रहदारीत आणि चढउतारांवर चालविली जाणारी गाडी हीदेखील जपणुकीची एक रीत आहे. आणि तिच्या बाबतीत वेळेवर पडणाऱ्या ठिणगीचे मोल अधिक.

मात्र निर्णय कोणताही असो, तो घेण्यापूर्वी मोजमाप करावे. पुष्कळ वेळा 'प्रज्वलन बिघडले' म्हणून नवे साधन आणले जाते आणि दोष निघतो तो एखाद्या सैल तारेत किंवा कमी झालेल्या फटीत. फट मोजावी, घटाचा दाब मोजावा, कॉइलचा रोध मोजावा, दिव्याने वेळ पाहावी. आणि मगच हातात स्क्रूड्रायव्हर घ्यावा. शाळेच्या प्रयोगशाळेत शिकलेला ओहमचा नियम आणि फॅरेडेचा प्रयोग साठ वर्षांच्या जुन्या मोटारीच्या झाकणाखाली अजून जसेच्या तसे काम करीत आहेत. त्यांची ओळख ज्यास आहे, त्यास जुने यंत्र चालविता येते आणि नवे साधनही डोळसपणे निवडता येते.